विमान कंपनीच्या नावाचं कुंकू

‘अप इन द एअर’ या सिनेमातला सगळ्यांत अश्लील प्रसंग अंगभर कपड्यांत घडतो. हॉटेलातला बार. एका बाजूला जॉर्ज क्लूनी, दुसऱ्या बाजूला व्हेरा फार्मिगा. बोलणं चाललंय भाड्याच्या मोटारींचं. कुठली कंपनी चटकन गाडी ताब्यात देते, कुणाच्या गाड्या बऱ्या, वगैरे. इथवर ठीक. मग पाकिटं उघडतात. टेबलावर एक कार्ड पडतं, त्यावर दुसरं, मग तिसरं. हॉटेलांची, मोटारींची, विमानांची. शेवटी तो आपलं ते खास कार्ड पुढे सरकवतो, जे मागून मिळत नाही, कंपनीनं आपणहून द्यावं लागतं. ती ते उचलते. बोटांनी चाचपते. वजनाचं कौतुक करते. बाईचा श्वास अडकतो हो! मग ती विचारते, विमानप्रवासाचे माइल्स किती साठलेत? तो लाजतो. ती हातांनी मापं दाखवून विचारते, एवढे? की एवढे? घरात वडीलधारी मंडळी बसली असतील तर इथे रिमोट हाताशी असलेला बरा. पुढचं शय्यादृश्य त्या मानानं अगदीच सात्त्विक आहे.

आणि ते उरकल्यावर काय, तर दोघं समोरासमोर लॅपटॉप उघडून बसतात आणि कुणाचं विमान कुठल्या तारखेला कुठल्या गावी टेकणार याची जुळवाजुळव करतात. गुण जुळवणाऱ्या गुरुजींनीसुद्धा इतका जीव ओतला नसेल.

आता हा इसम कोण, ते सांगते. रायन बिंगहॅम. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा गावच्या एका कंपनीत नोकरीला. काम काय, तर गावोगावच्या ऑफिसांत जायचं आणि तिथल्या माणसांना ‘तुमची नोकरी गेली’ म्हणून सांगायचं, कारण त्यांच्या साहेबांना ते स्वतःच्या तोंडानं सांगायची छाती नसते. त्यासाठी वर्षाचे ३२२ दिवस हा बाहेर. उरलेले ४३ दिवस घरी, आणि तेच त्याला खायला उठतात. घर म्हणजे तरी काय, एक पांढरीफटक खोली, जिच्यापेक्षा हॉटेलच्या खोलीत माणूस राहून गेल्याच्या खुणा जास्त सापडतील. वर फावल्या वेळात हा भाषणं देत फिरतो. पाठीवर एक पिशवी आहे अशी कल्पना करा. त्यात घरातलं सामान भरा, मग घर, मग मित्र, भाऊ-बहीण, बायको. पट्टे खांद्यात रुतायला लागले? मग ठेवा खाली. लोक पैसे भरून हे ऐकतात! आपल्याकडे हेच ऐकायला आळंदीला फुकट जाता येतं आणि तिथे निदान प्रसाद तरी मिळतो.

तर सिनेमा आला २००९ च्या डिसेंबरात, जेसन राइटमन नावाच्या दिग्दर्शकाचा, आणि जो तो म्हणायला लागला की ही बांधून घ्यायला घाबरणाऱ्या पुरुषाची गोष्ट आहे. हलकीफुलकी, शेवटी डोळ्यांत पाणी. ऑस्करची सहा नामांकनं मिळाली, हाती एकही लागलं नाही. मला मात्र तेव्हापासून एकच गोष्ट खुपतेय. हा गृहस्थ बांधून घ्यायला घाबरतो म्हणता? अहो, याच्याइतका बांधलेला प्राणी अख्ख्या सिनेमात दुसरा नाही. उडायचं ते अमेरिकन एअरलाइन्सनंच. झोपायचं ते हिल्टनमध्ये. गाडी घ्यायची ती हर्ट्झची. माइल्सच्या खात्यात भर पडत नसेल तर खिशातून दमडी काढायची नाही, हा त्याचा नेम. आणि एवढं पुण्य साठवून करायचं काय? काही नाही! एक कोटी माइल्स व्हावेत, बस्स. त्याच्या आधी फक्त सहा जणांना जमलंय, हा सातवा ठरेल. चंद्रावर चालून आलेले लोक याहून जास्त आहेत, असं तो अभिमानानं सांगतो. (बारा. खरंच जास्त आहेत.) कामावर बरोबर फिरणारी तेविशीतली पोरगी चक्रावून जाते, की हे साठवून कुठे जायचंय तुम्हाला? पण त्याला कुठेच जायचं नाहीये. वटसावित्रीला वडाला फेऱ्या घालणारी बाई तरी सात जन्मांची मागणी करते. याची तीही नाही.

लग्न झालेलंच आहे त्याचं. विमान कंपनीशी. घरच्यांना पत्ता नाही, एवढंच.

हे थेर सुरू केले कुणी, असं विचाराल, तर बोट सरकारकडे जातं. अमेरिकेत १९७८ पर्यंत कुठलं विमान कुठे जाणार आणि तिकीट कितीचं असणार, हे एक सरकारी मंडळ ठरवायचं. त्या साली कायदा बदलला आणि सगळं मोकळं झालं. कुणीही कुठेही उडा, वाटेल तो भाव लावा. झालं! ज्याचं तिकीट दहा डॉलरनं स्वस्त त्याच्या दारात प्रवासी उभे. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. कंपन्यांनी मग शक्कल काढली. १९८१ च्या १ मेला, आपण इथे महाराष्ट्र दिनाची सुट्टी घेत होतो तेव्हा, अमेरिकन एअरलाइन्सनं ‘ॲडव्हांटेज’ नावाची योजना काढली. आमच्याबरोबर उडाल तेवढे मैल वहीत मांडू, आणि पुरेसे झाले की एक तिकीट फुकट देऊ. लहानसहान कंपन्यांनी असले प्रयोग आधीही केले होते, पण गाजावाजा यांचा झाला. आठवड्याच्या आत युनायटेडनंही तसलीच योजना काढली. शेजारणीनं नवा कुकर घेतला की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे शिट्टी वाजलीच पाहिजे, तसलाच प्रकार.

यातली खरी मेख मात्र फार थोडे लोक मोठ्यानं बोलतात. तिकिटाचे पैसे भरणार ऑफिस, आणि माइल्स जमा होणार साहेबाच्या स्वतःच्या खात्यात. म्हणजे साहेबानं स्वस्त विमान सोडून ‘आपल्या’ विमानानं जावं आणि वर कामाचं निमित्त सांगावं, याची सोय आपोआपच झाली. घरी बायकोला वाटतं, बिचाऱ्याला किती फिरवतात मेले! बिचारा तिकडे खिडकीशेजारी बसून मनातल्या मनात बेरीज करतोय.

आणि ही बाधा फक्त साहेबांना झाली असं समजू नका. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स या गृहस्थांचं ऐका. पेशानं सिव्हिल इंजिनियर, घरी बायकामुलं. १९९९ मध्ये खाद्यपदार्थांच्या एका कंपनीनं जाहीर केलं, आमच्या मालाच्या दहा वेष्टनांवरचे पट्टे कापून पाठवा, ५०० माइल्स घ्या. लवकर पाठवलेत तर दुप्पट. कंपनीला वाटलं, लोक महागडी जेवणं विकत घेतील. या इंजिनियरनं दुकानांत जाऊन सगळ्यांत स्वस्त वस्तू कुठली ते शोधलं. चॉकलेट पुडिंग! डबी पाव डॉलरला, आणि प्रत्येक डबीवर वेगळा पट्टा. मग काय, दुकानामागून दुकान साफ केलं. १२,१५० डब्या! दुकानदारांना संशय येऊ नये म्हणून सांगितलं, की बाबांनो, २००० साल उजाडताना कॉम्प्युटर बंद पडणार म्हणतात, तर घरात शिधा भरून ठेवतोय. जगबुडी आली तरी पोटाला पुडिंग असावं, यावर अमेरिकेत कुणी शंका घेतली नाही.

पुढची पंचाईत अशी, की बारा हजार डब्यांचे पट्टे सोलणार कोण? आणि मुदत तर संपत आलेली. मग हा सॅल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेकडे गेला. म्हणाला, पुडिंग सगळं तुमचं, गोरगरिबांना वाटा, फक्त पट्टे सोलून मला द्या. त्यांच्या स्वयंसेवकांनी बसून सोलले. एकूण खर्च ३,१४० डॉलर, पदरात पडले साडेबारा लाखांच्या आसपास माइल्स, आणि वर दानधर्म केला म्हणून करात आठशेच्यावर डॉलरची सूट! या माणसाला मी ओळखत नाही, पण मुलाकडच्यांनी असा व्याही शोधावा. पॉल थॉमस अँडरसननं त्याचं पुडिंग उचलून २००२ मध्ये ‘पंच-ड्रंक लव्ह’ नावाचा अख्खा प्रेमपट काढला. त्यातला नायक पुडिंगच्या डब्या जमवतो, आणि जिच्यासाठी विमानात पाऊल टाकतो ती मुलगी हाडामांसाची आहे. आमच्या बिंगहॅमपेक्षा बरं म्हणायचं.

पुडिंगला निदान चव तरी असते. पुढच्यांनी तर सरकारी टांकसाळच धरली. अमेरिकन सरकारला एक डॉलरची नाणी लोकांच्या हातात खेळवायची होती, म्हणून टांकसाळीनं ती मूळ किमतीला, टपालखर्च न लावता, घरपोच द्यायला सुरुवात केली. क्रेडिट कार्डही चालेल म्हणाले. एवढं म्हणायचाच अवकाश! लोकांनी हजारो डॉलरची नाणी मागवली, पेट्या न फोडता गाडीत घातल्या, बँकेत नेऊन खात्यात भरल्या आणि त्याच पैशांतून कार्डाचं बिल चुकतं केलं. माइल्स तेवढे वर उरले, गाळणीतल्या मलईसारखे. बँकांच्या तिजोऱ्यांत टांकसाळीच्या खोक्यांची रास लागली तेव्हा सरकारच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि २०११ च्या जुलैत कार्डावर नाणी देणं बंद झालं. राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेली नाणी ती. एकानंही त्यातलं एखादं चॉकलेट विकत घ्यायला वापरलं असेल असं वाटत नाही.

माझा न्यू जर्सीतला भाचा या पंथातला. आयटीतला सल्लागार. करोनाआधी ही सगळी मंडळी सोमवारी पहाटे विमानतळावर आणि गुरुवारी रात्री घरी, अशी वर्षानुवर्षं जगायची. त्यांत आपली मराठी मुलं चिकार. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात एका टेबलावर बसवलंत तर मोदकांवरून गाडी कार्डांवर यायला वेळ लागत नाही. एका डिसेंबरात मी त्याला विचारलं, ‘अरे, शनिवार-रविवार कुठे होतास? फोन बंद लागत होता.’

‘सिअ‍ॅटलला गेलो होतो, मावशी.’

‘काय पाहिलंस?’

‘विमानतळ. लगेच परत आलो. स्टेटसला थोडे माइल्स कमी पडत होते.’

‘म्हणजे नुसता जाऊन आलास? खाली उतरून गावात पाऊलही न टाकता?’

‘अगं, बाहेर पडलो असतो तर परत सिक्युरिटीची रांग!’

याला त्यांच्यात रीतसर नाव आहे, ‘माइलेज रन’ म्हणतात. वर्ष संपत आलं आणि विमान कंपनीनं दिलेला सोन्याचा दर्जा हातचा जातोय असं दिसलं, की स्वस्तातलं आणि जितकं वाकडंतिकडं मिळेल तितकं तिकीट काढायचं, दोन ठिकाणी थांबत देशाच्या एका टोकाला जायचं आणि तसंच परत फिरायचं. ‘बायको काय म्हणाली?’ मी विचारलं. ‘ती पण होती,’ म्हणाला, ‘तिचंही कमीच पडत होतं.’ आता यावर मावशीनं काय बोलायचं?

पण एकतर्फी निष्ठेचं पुढे काय होतं, तेही ऐका. अमेरिकन एअरलाइन्सला १९८१ मध्ये पैशांची चणचण होती. त्यांनी जाहीर केलं, एकदाच अडीच लाख डॉलर द्या आणि जन्मभर पहिल्या वर्गातून हवं तितकं उडा. आणखी दीड लाख घातले की सोबत आणखी एक माणूस. कंपनीला वाटलं, मोठमोठे उद्योग आपल्या बड्या अधिकाऱ्यांसाठी घेतील. घेतले थोड्यांनीच, पण घेणाऱ्यांतले काही कसले निघाले! सकाळी एक शहर, दुपारच्या जेवणाला दुसरं. सोबतीच्या जागेवर कधी मित्र, कधी विमानतळावर रडत उभी असलेली अनोळखी बाई. पंचवीसेक वर्षांनी कंपनीनं हिशेबाच्या वह्या काढल्या, तेव्हा असल्या एकेका पासामागे वर्षाला दहा लाख डॉलरच्या घरात खोट असल्याचं दिसलं. मग पाळत ठेवली. कुणाबरोबर उडतो, कुणाच्या नावानं जागा अडवतो, कुणाकडून पैसे घेतो. आणि २००८ च्या डिसेंबरात शिकागोच्या विमानतळावर एका जुन्या पासधारकाच्या हातात भर काउंटरवर चिठ्ठी ठेवली, की तुमचं-आमचं संपलं. दहा हजारांवर उड्डाणं एकत्र केलेली हो! माणसं काडीमोडसुद्धा घरात बोलावून घेतात.

त्याहून चविष्ट प्रकरण मिनेसोटातल्या एका रब्बींचं. हे थेट सुप्रीम कोर्टात गेलंय, म्हणून नावानिशी सांगायला हरकत नाही. ‘नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग’. रब्बी गिन्सबर्ग नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे प्लॅटिनम दर्जाचे सभासद. सतत प्रवास, सतत व्याख्यानं. २००८ मध्ये कंपनीनं त्यांना योजनेतून काढून टाकलं. कारण काय, तर तुम्ही फार तक्रारी करता! सात-आठ महिन्यांत २४ तक्रारी, त्यातल्या नऊ नुसत्या बॅग पट्ट्यावर उशिरा आली म्हणून. कंपनीनं हिशेबही काढून दाखवला, तुमच्या तक्रारींपायी इतके बोनस माइल्स दिले, इतक्या डॉलरची व्हाउचरं दिली, रोख इतके. सासूबाईंनी सुनेच्या माहेरहून आलेल्या नव्हे, सुनेला दिलेल्या साड्या मोजाव्यात तसं. रब्बी म्हणाले, करार केलात तर निदान सद्‌बुद्धीनं पाळा. २०१४ मध्ये कोर्टानं एकमतानं निकाल दिला, आणि तो कंपनीच्या बाजूनं. कशाच्या आधारावर? तर त्याच १९७८ च्या कायद्याच्या! ज्या कायद्यामुळे कंपन्या प्रवाशांना डोळा मारायला लागल्या, तोच कायदा म्हणतो, की दर आणि सेवा यांच्या बाबतीत राज्यांच्या कायद्यांतले असले युक्तिवाद कंपनीच्या गळ्यात बांधता येणार नाहीत. कोर्टानं एक समजूतदार सल्लाही दिला: नसेल पटत तर दुसऱ्या कंपनीची योजना बघा. म्हणजे पाट लावा!

आता परत त्या सिनेमाकडे येऊ, कारण हे सगळं दिग्दर्शकाला कळत होतं असा माझा दाट संशय आहे. ती तेविशीतली पोरगी, नॅटली, ॲना केंड्रिकनं झकास केलीय. कॉर्नेलची हुशार विद्यार्थिनी, साहेबाला पटवून देते की माणसं काढायला विमानानं कशाला जायचं, कॉम्प्युटरच्या पडद्यावरून काढता येतील. बिंगहॅम खवळतो. म्हणतो, माणसाला असं घरी बसून काढायचं नसतं, समोर बसावं लागतं. किती माणुसकी! पण नीट पाहा, पोरगी त्याच्या तोंडचे माइल्स काढून घेतेय. स्वतःच्या बदलीचा विषय निघाल्यावर देशसेवेवर बोलणाऱ्या माणसासारखा त्याचा आवाज होतो. त्याच पोरीला मग तिचा मित्र मोबाइलवर संदेश पाठवून सोडून देतो, तेव्हा हा तिला शांतपणे म्हणतो की हे म्हणजे इंटरनेटवरून नोकरीवरून काढण्यासारखंच झालं. कावा बघा!

आणि ती बारमधली, ॲलेक्स. त्याला वाटलं, आपल्यासारखीच ही. बहिणीच्या लग्नाला विस्कॉन्सिनला तिला घेऊन जातो; नवरा मुलगा ऐनवेळी गडबडतो तेव्हा याच बांधून-न-घेणाऱ्या गृहस्थाला त्याची समजूत घालायला पाठवतात. तिथे काय वारं लागतं कोण जाणे! पुढे लास वेगासमध्ये आपलं ते पिशवीचं भाषण अर्धवट टाकून हा शिकागो गाठतो, तिच्या दारावर उभा राहतो, आणि दार उघडतं तर आतून मुलं धावताहेत, नवरा विचारतोय, कोण आलंय गं? ती सांगते, कुणी वाट चुकलेला आहे. मराठी प्रेक्षकाला इथे धक्का बसावा असं ठरलेलं आहे, पण मला नाही बसला. मला फक्त एवढंच दिसलं, की बाई शहाणी. घर घराच्या जागी, कार्डं कार्डांच्या जागी. घोळ केला तो यानं; आधीचं कुंकू पुसायच्या आत दुसऱ्या दारी गेला.

आणि पहिली काय करते? परतीच्या विमानात, नेमक्या त्याच प्रवासात, एक कोटीचा आकडा भरतो. कर्मचारी शँपेन आणतात, चीफ पायलट स्वतः शेजारी येऊन बसतो. सॅम इलियट आहे तो, मिशा पाहाल तर देवाधिदेव वाटेल असा. इतकी वर्षं बिंगहॅमनं मनात घोळवलं होतं, की या क्षणी आपण काय बोलायचं. तोंडातून शब्द फुटत नाही. मुहूर्ताच्या वेळी नवरीच गप्प. नंतर खाली उतरल्यावर हा फोन लावतो आणि बहीण आणि मेहुण्याला जगप्रदक्षिणा करता येईल इतके माइल्स त्यांच्या नावे करायला सांगतो. आहेर! स्त्रीधन काढून नणंदेला दिलं म्हणा ना. माझ्या मते अख्ख्या सिनेमातला हा एकच व्यभिचार.

एक सांगायचं राहिलं, आणि ते चेष्टेचं नाही. त्या सिनेमात नोकरी गेल्याचं ऐकणारे बरेच चेहरे नटांचे नाहीत. राइटमननं सेंट लुइस आणि डेट्रॉइटमध्ये जाहिरात देऊन खरोखर नोकरी गेलेली माणसं बोलावली आणि विचारलं, तुम्हाला कळवलं तेव्हा तुम्ही काय बोललात, किंवा काय बोलायला हवं होतं असं वाटतं. ती माणसं जे बोलली ते पडद्यावर आहे. क्लूनीचं इतकं रुबाबदार बोलणं त्यांच्यासमोर पातळ होऊन जातं. आणि त्यांच्यातल्या कुणाच्याही तोंडी माइल्सचं नाव नाही, बायकोमुलांचं आहे.

वॉल्टर कर्न यांच्या ज्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला, ती २००१ ची. त्यातला बिंगहॅम दहा लाख माइल्सवर समाधानी होता. आठ वर्षांत पडद्यावर दहापट झाली. आणि सिनेमा येऊन दोन वर्षं होत नाहीत तोच, २०११ च्या जुलैत, युनायटेडच्या टॉम स्टकर या मोटारविक्रीच्या सल्लागारानं खरोखर एक कोटीचा टप्पा गाठला. कंपनीचा प्रमुख त्यांच्या स्वागताला. फरक एवढाच, की या गृहस्थांना बायको आहे, आणि ती हे सगळं चालवून घेते.

बरं, इतकी भक्ती करून पदरात काय? २०१५-१६ पर्यंत अमेरिकेतल्या तिन्ही बड्या कंपन्यांनी हिशेबच फिरवला. मैल मोजायचे बंद, तिकिटाला डॉलर किती मोजलेत त्यावर गुण. स्वस्त तिकिटानं देश पालथा घालणाऱ्यांचं मोल रातोरात घसरलं. माझा भाचा दोन दिवस जेवला नाही. मग २०२० आलं, विमानं जमिनीवर बसली, आणि या कंपन्यांनी पैसे उभे करायला तारण काय ठेवलं माहितेय? विमानं नव्हे. हीच योजना! युनायटेडनं आपली माइलेज योजना पुढे करून पाच अब्ज डॉलरहून अधिक उचलले. योजनेचं मोल दाखवलं सुमारे २२ अब्ज डॉलर, जेव्हा शेअर बाजार अख्ख्या युनायटेडला त्याहून कितीतरी कमी किंमत देत होता. उगाच नाही. बँका कार्डवाल्यांना वाटायला या कंपन्यांकडून माइल्स घाऊक विकत घेतात, आणि विमानाला इंधन लागतं तसं माइल्सना काही लागत नाही. म्हणजे बिंगहॅम जिला आयुष्य वाहून बसला होता, तिनं अडचणीत त्याचंच मंगळसूत्र सावकाराकडे ठेवलं.

आपल्याकडे ही साथ उशिरा आली, पण रंगली. मुंबईच्या जेट एअरवेजनं १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उड्डाण केलं. कंपनी आडवी झाली, पण ‘जेटप्रिव्हिलेज’चे पॉइंट्स जिवंत, कारण ती योजना वेगळ्या कंपनीत होती आणि तिच्यात मोठा वाटा एतिहादचा. काही महिन्यांत तिचं नाव ‘इंटरमाइल्स’ झालं आणि लोक खुशाल साठवत राहिले. २०२४ च्या नोव्हेंबरात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराची मंडळी पॉइंट्ससकट एअर इंडियाच्या घरात आली. मग त्या योजनेचंही नाव बदललं, आता म्हणे ‘महाराजा क्लब’. तीन सासरं, पण सूनबाई तक्रार करत नाहीत. तक्रारीचं काय होतं ते गिन्सबर्गांनी दाखवलंच आहे.

आणि ज्यांना वर्षातून एकदा नागपूर-पुणे करायचं, तेसुद्धा आता मागे नाहीत. त्यांचं देवस्थान लाउंज. कार्डावर दोन रुपये कापले जातात आणि आत पोटभर फुकट, अशी कीर्ती पसरल्यापासून विमानतळावर लाउंजबाहेर जी रांग लागते तिला तोड नाही. बँका घाबरून अटी घालायला लागल्या, की आधी इतके खर्च करा, मग आत या. लोक अटी पुऱ्या करतात. शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीच्या लग्नाचा हॉल, सगळं कार्डावर. मध्यंतरी अशाच एका रांगेत माझ्या पुढे एक जोडपं होतं. काकांच्या हातात कार्ड, काकूंच्या हातात बोर्डिंग पास. वर विमानाची शेवटची घोषणा झाली. काकू कळवळून म्हणाल्या, ‘अहो, आपलंच नाव घेताहेत!’

काकांनी मान वळवली नाही. ‘घेऊ दे,’ म्हणाले, ‘पुढे चारच जण आहेत. आणि कार्डाची फ्री व्हिजिट या तिमाहीत संपतेय.’